घरच्या बिअरमध्ये गॅस नेमका किती हवा? केगमधल्या फेसामागचं गणित समजून घ्या

बिअर छान आंबली, वासही चांगला आला, केग भरून फ्रिजमध्ये गेला. दहा-बारा दिवस कळ काढली. शनिवारी मित्र जमले, नळ सोडला आणि ग्लासात आला तो नुसता फेस. दुसरा ग्लास भरला, तिसरा भरला, तेच. कधी याच्या अगदी उलटं होतं. बिअर येते, पण रात्रभर झाकण उघडं राहिलेल्या सोड्यासारखी मिळमिळीत.

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्यांच्या ओळखीचा हा वैताग आहे. एका केगमध्ये साधारण १९ लिटर बिअर मावते. त्यामागे माल्ट, हॉप्स आणि यीस्टचा खर्च असतो, तीन-चार आठवड्यांची वाट असते. आणि सगळं नीट जमल्यावर शेवटच्या टप्प्यात रेग्युलेटरचा काटा चुकीच्या आकड्यावर राहिला, की सगळ्यावर पाणी. शिवाय हा दाबाखालचा गॅस आहे. तो चुकीच्या भांड्यात भरला किंवा बंद खोलीत गळला, तर प्रकरण चवीपुरतं राहत नाही.

गंमत म्हणजे यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. तापमान, दाब आणि वेळ या तीन गोष्टी समजल्या, की बाकीचं गणित सोपं आहे.

घरी बिअर बनवायला परवानगी असते का?

देशोदेशी याचं उत्तर वेगळं आहे. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळायला आणखी ४५ वर्षं लागली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन अशी मर्यादा आहे. ही बिअर विकता येत नाही. राज्यांचे कायदे आणखी वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर थेट २०१३ मध्ये परवानगी दिली.

महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि घरी बनवलेली बिअरही त्यात येते. इथे ताजी बिअर मिळते ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत. पुण्यात २००९ मध्ये डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि तिथून हा प्रकार लोकांच्या ओळखीचा झाला. त्यामुळे खाली जे सांगितलंय ते जिथे कायद्याने मुभा आहे तिथलं आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींना ते थेट उपयोगी पडेल. इथल्या वाचकांना पुढच्या वेळी मायक्रोब्रुअरीत ग्लास हातात आल्यावर त्यात काय चाललंय ते कळेल.

हा केग आला कुठून?

घरगुती बिअरवाले जो उंच, निमुळता, स्टीलचा डबा वापरतात तो मुळात बिअरसाठी बनलेलाच नव्हता. त्याला कॉर्नेलियस केग किंवा लाडाने 'कॉर्नी' म्हणतात. पाच गॅलनचे हे डबे कोल्ड्रिंकच्या कंपन्या सिरप पोचवायला वापरायच्या. पुढे त्या कंपन्या खोक्यातल्या पिशव्यांमधून सिरप पाठवायला लागल्या आणि हजारो डबे भंगाराच्या भावात बाजारात आले. घरी बिअर बनवणाऱ्यांनी ते उचलले.

डब्याला दोन तोंडं असतात. एका तोंडातून गॅस आत जातो. दुसऱ्या तोंडाला आत एक लांब नळी असते, ती तळापर्यंत पोचते. वरून गॅसने दाब दिला, की तळाची बिअर त्या नळीतून वर चढते आणि नळातून बाहेर येते. झाकणावर रबरी रिंग असते आणि बहुतेक झाकणांवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व असतो. तो ओढला की आतला गॅस मोकळा होतो.

म्हणजे केगमधला गॅस दोन कामं करतो. एक, बिअरमध्ये विरघळून तिला जिवंतपणा आणतो. दोन, बिअरला ढकलत नळापर्यंत नेतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण एका कामासाठी फिरवलेला काटा दुसरं काम बिघडवतो.

गॅस विरघळतो म्हणजे नेमकं काय होतं?

गोटी सोड्याची बाटली आठवा. बंद असताना आतलं पाणी अगदी शांत दिसतं. गोटी आत ढकलली की 'फुस्स' होतं आणि पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागतं. गॅस आधीपासून पाण्यातच होता. वरचा दाब त्याला दाबून बसला होता. दाब गेला आणि गॅस बाहेर पडला.

सोड्याची कल्पनाच बिअरच्या भट्टीवरून सुचलेली आहे. जोसेफ प्रिस्टली हा इंग्लिश शास्त्रज्ञ १७६७ च्या सुमारास लीड्स शहरात एका ब्रुअरीच्या शेजारी राहायचा. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते, हे त्याने पाहिलं. त्या हवेत पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहिल्यावर पाण्याला मजेदार झिणझिणी चव आली. ती हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ही कृती त्याने १७७२ मध्ये पुस्तिका काढून छापली.

यामागचा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. द्रवाच्या वर गॅसचा दाब जितका जास्त, तितका तो गॅस द्रवात जास्त विरघळतो. त्याला जोड आहे तापमानाची. द्रव जितका थंड, तितका तो गॅस जास्त धरून ठेवतो. गरम कोल्ड्रिंकचं झाकण उघडल्यावर अंगावर कारंजं उडतं ते यामुळेच.

'व्हॉल्यूम' हे कसलं माप?

बिअरमधला गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल, तर तो एक व्हॉल्यूम. गॅसचं हे माप शून्य अंश तापमान आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला धरलेलं असतं. वजनात सांगायचं तर एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे जवळपास २ ग्रॅम गॅस.

अडीच व्हॉल्यूमची बिअर म्हणजे लिटरमागे जवळपास ५ ग्रॅम. १९ लिटरच्या केगमध्ये ९५ ग्रॅमच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण हाच गॅस बाहेर मोकळा सोडला तर साडेसत्तेचाळीस लिटर जागा व्यापेल. म्हणजे केगपेक्षा अडीचपट.

यातला थोडा गॅस बिअरमध्ये आधीच असतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतं. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये शेवटी अंदाजे ०.८५ व्हॉल्यूम गॅस उरतो. बाकीचा वरून भरायचा.

कोणत्या बिअरला किती गॅस?

'जास्त गॅस म्हणजे चांगली बिअर' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक प्रकाराची आपली रीत आहे.

- ब्रिटिश पबमधली पारंपरिक कास्क एल : १.५ ते २ व्हॉल्यूम
- साधी स्टाउट, पोर्टर : १.७ ते २.३
- अमेरिकन पेल एल, आयपीए : २.२ ते २.७
- लागर, पिल्सनर : २.४ ते २.७
- जर्मन गव्हाची बिअर : ३.३ ते ४.५

ब्रिटिश एल कमी गॅसची आणि फार थंड नसलेली, १२ अंशांच्या आसपास प्यायची पद्धत आहे. तिच्यातला माल्टचा गोडवा आणि फळांसारखा वास अशानेच कळतो. कंपन्यांच्या जास्त गॅसवाल्या थंडगार केग बिअरविरुद्ध ही जुनी रीत टिकवायला ब्रिटनमध्ये १९७१ साली 'काम्रा' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. उलट, जर्मन गव्हाच्या बिअरला उंच ग्लास आणि वर बोटभर जाड फेस लागतोच. तिच्यात दोनच व्हॉल्यूम गॅस ठेवला तर ती जड आणि मंद लागते.

गॅसचा थेट परिणाम चवीवर होतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळल्यावर थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्यामुळे जिभेला टोचल्यासारखं होतं आणि बिअर जास्त कोरडी, जास्त कडू वाटते. गॅस गरजेपेक्षा जास्त झाला, की हॉप्सचा वास आणि माल्टची चव त्या टोचण्याखाली दबून जाते.

गिनेससारख्या मलईदार स्टाउटचा मामला वेगळा आहे. तिथे १९५९ पासून नायट्रोजनची मदत घेतली जाते. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही. तो अतिशय बारीक बुडबुड्यांनी बाहेर येतो आणि त्यातून तो साईसारखा थर बनतो. त्यासाठी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण आणि बारीक भोकांची चकती असलेला वेगळा नळ लागतो. साध्या सिलिंडरवर काटा कितीही फिरवला तरी तो परिणाम मिळत नाही.

मग काटा कोणत्या आकड्यावर ठेवायचा?

अमेरिकेत हा दाब पीएसआयमध्ये मोजतात. अंदाजासाठी लक्षात ठेवा, मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. बिअरला त्याच्या निम्म्याहूनही कमी दाब पुरतो, फक्त बिअर थंड हवी.

समजा बिअर अडीच व्हॉल्यूमची करायची आहे. तर समुद्रसपाटीला काटा असा ठेवावा लागतो :

- बिअर ४ अंश सेल्सिअसला : १२ पीएसआय
- १० अंशांना : साडेसतरा पीएसआय
- २० अंशांना : साडेसत्तावीस पीएसआय

आता हेच उलटं बघू. काटा १२ वरच ठेवला आणि फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून केग २० अंशांच्या खोलीत राहिला, तर कितीही आठवडे थांबलं तरी बिअर दीड व्हॉल्यूमच्या पुढे जाणार नाही. 'मी तर १२ वर ठेवलं होतं, तरी गॅसच भरला नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. तापमान सांगितल्याशिवाय दाबाच्या आकड्याला अर्थ नाही.

४ अंशांच्या फ्रिजमध्ये दोन व्हॉल्यूमसाठी साडेसहा, तीनसाठी १७ आणि साडेतीनसाठी साडेबावीस पीएसआय लागतात.

तापमान मोजतानाही एक मेख आहे. फ्रिजच्या बटणावरचा आकडा किंवा आतल्या हवेचं तापमान म्हणजे बिअरचं तापमान नव्हे. हवा दार उघडलं की तापते आणि बंद केलं की गार होते. १९ लिटर द्रव मात्र सावकाश बदलतो. फ्रिजमध्ये पाण्याचा एक ग्लास दिवसभर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला, तर खरा आकडा मिळतो.

डोंगरावर हा हिशोब का बदलतो?

अमेरिकेतल्या घरगुती बिअरवाल्यांची सर्वांत मोठी संघटना, अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन, १९७८ मध्ये चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात सुरू केली. आणि नेमकं कोलोरॅडोतच दाबाचं छापील कोष्टक जसंच्या तसं चालत नाही.

कारण असं की, रेग्युलेटरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. बिअरला मात्र एकूण दाबाशी मतलब असतो. समुद्रसपाटीला हवेचाच दाब १४.७ पीएसआय असतो. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंच आहे, तिथे तो अडीच पीएसआयने कमी भरतो. म्हणून तिथल्या माणसाने १२ ऐवजी साडेचौदाला काटा लावायला हवा. १२ वरच ठेवला तर अडीचऐवजी बिअर जेमतेम २.३ व्हॉल्यूमवर थांबते. ढोबळ नियम असा की, दर हजार फूट उंचीमागे अर्धा पीएसआय वाढवायचा.

गॅस भरायच्या पद्धती कोणत्या?

आधी एक गोष्ट सगळ्या पद्धतींना लागू आहे. केग भरल्यावर वरच्या रिकाम्या जागेत हवा अडकते. त्यातल्या ऑक्सिजनने बिअर शिळी पडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून गॅस सोडायचा, व्हॉल्व ओढून बाहेर काढायचा, असं चार-पाच वेळा करून हवा हाकलतात.

पहिली, लावा आणि विसरा. केग थंड करायचा, कोष्टकातला दाब लावायचा आणि दहा ते चौदा दिवस हात लावायचा नाही. गॅस फक्त वरच्या पृष्ठभागातून आत शिरतो आणि उंच डब्यात तो पृष्ठभाग जेमतेम ताटलीएवढा असतो, म्हणून इतका वेळ लागतो. मोठा फायदा असा की, या पद्धतीत गॅस जास्त होऊच शकत नाही. ठरलेला दाब गाठला की बिअर आणखी गॅस घेत नाही.

दुसरी, आधी जोर, मग विश्रांती. थंड केगला ३० पीएसआय दाब एक ते दीड दिवस द्यायचा. मग गॅस बंद करून व्हॉल्वने जादा दाब काढायचा आणि काटा १२ वर आणायचा. पुढच्या दोन-तीन दिवसांत बिअर तयार होते. धोका विसरण्याचा. ४ अंशांना ३० पीएसआयवर केग तसाच राहिला, तर बिअर चार व्हॉल्यूमच्याही पुढे जाते.

तिसरी, हलवा आणि भरा. केग आडवा करून गॅस चालू ठेवून हलवत राहायचं. बिअर घुसळली की गॅसला शिरायला भरपूर जागा मिळते, काम काही मिनिटांत होतं. पण किती गॅस गेला हे कळत नाही, आणि एकदा जास्त झाला की काढत बसावं लागतं. ज्यांना ही घाई करायचीच असते ते निदान ३० ऐवजी कोष्टकातल्याच दाबावर हलवतात. वेळ थोडा जास्त जातो, पण मर्यादा ओलांडली जात नाही.

चौथी, साखर घालून. केगमध्ये मोजून साखर घालायची आणि उरलेल्या यीस्टलाच गॅस बनवू द्यायचा. एका लिटरमध्ये एक व्हॉल्यूम वाढवायला ४ ग्रॅमच्या आसपास साखर लागते. यासाठी केग आठ-पंधरा दिवस खोलीच्या तापमानाला ठेवावा लागतो आणि तळाशी यीस्टचा गाळ बसतो, म्हणून पहिला ग्लास गढूळ येतो.

पद्धत कोणतीही असो, पहिल्या दिवसांत बिअर टोचरी लागते. थंडीत आठवडाभर विसावली की बुडबुडे बारीक वाटतात, फेस टिकतो, चव जुळून येते.

नुसता फेस येतोय, म्हणजे गॅस जास्त झाला का?

नेहमीच नाही. आणि सगळ्यात जास्त बिअर वाया जाते ती इथेच.

फेस आला, की माणूस पहिलं काम काय करतो? काटा खाली आणतो. पण गॅस मुळात बरोबर असेल, तर दाब कमी केल्यावर बिअरमधला गॅस नळीतच सुटायला लागतो. मग फेस आणखी वाढतो. आठवड्याने बिअरमधला गॅसच निघून जातो आणि फेसाखाली उरते ती मिळमिळीत बिअर.

म्हणून आधी फेस बसू द्यायचा आणि खालची बिअर चाखायची. तीही जिभेला जोरात टोचत असेल, तर गॅस खरोखर जास्त आहे. फेस भरपूर पण खालची बिअर मंद असेल, तर गॅस वाटेत सुटतोय. दोष केगमध्ये नाही, नळीत किंवा नळात आहे.

वाटेत गॅस सुटण्याची कारणं ठरलेली आहेत :

- नळी आखूड आहे. केगमध्ये १२ पीएसआय आणि बाहेर शून्य, हा फरक कुठेतरी हळूहळू जिरायला हवा. लांब आणि बारीक नळी ते काम करते. घरगुती फ्रिजमध्ये पावणेपाच मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी साधारण तीन मीटर लांब ठेवतात. दीड मीटरची असेल तर बिअर धबधब्यासारखी येऊन ग्लासात आपटते.
- नळ गरम आहे. केग ४ अंशांना आणि फ्रिजच्या बाहेरचा नळ २५ अंशांना असेल, तर पहिला ग्लास फेसाळणारच. दुसरा ग्लास चांगला आला, तर कारण हेच.
- नळी किंवा नळ घाण आहे. आत चिकटलेल्या कणांवर बुडबुडे धरतात. प्रत्येक केग संपल्यावर नळी धुवावी लागते.
- नळ अर्धाच उघडला आहे. फेस बघून माणूस घाबरून नळ थोडाच उघडतो. अरुंद फटीतून जाताना बिअर घुसळते आणि फेस वाढतो. नळ झटक्यात पूर्ण उघडायचा आणि ग्लास तिरका धरायचा.

गॅस खरंच कमी-जास्त झाला असेल तर?

जास्त झाला असेल, तर गॅसची नळी काढून टाकायची आणि व्हॉल्व ओढून वरचा दाब मोकळा करायचा. विरघळलेला गॅस हळूहळू वर येतो आणि काही तासांत पुन्हा दाब तयार होतो. तो पुन्हा सोडायचा. दिवसभरात असं चार-सहा वेळा केलं की बिअर ताळ्यावर येते. केग काठोकाठ भरलेला असेल तर व्हॉल्व जपून ओढायचा, नाहीतर फेसच बाहेर उसळतो.

कमी झाला असेल, तर आधी तापमान तपासायचं, मग काटा, मग गळती. तिन्ही ठीक असतील तर बहुतेकदा फक्त वेळ कमी पडलेला असतो. चार दिवसांनी चाखून काटा ३० वर नेणारा माणूस दोन आठवड्यांनी फेसाची तक्रार करतो.

गळतीची तपासणी आपल्या घरात गॅस सिलिंडर बदलताना करतात तशीच. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर आणि झाकणाच्या कडेवर लावायचं. बुडबुडा फुगला की गळती तिथे. बरेचदा झाकणाची रबरी रिंग नीट बसलेली नसते. सुरुवातीला थोडा वेळ ३० पीएसआय दाब दिला की ती घट्ट बसते.

सिलिंडरच्या दुसऱ्या काट्यावर मात्र विसंबून राहू नये. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, फक्त तापमानाप्रमाणे थोडा हलतो. काटा पडायला लागतो तेव्हा सिलिंडर संपतच आलेला असतो. किती गॅस उरला ते बघायचं तर सिलिंडर वजन काट्यावर ठेवावा लागतो.

धोका नेमका कुठे आहे?

चांगल्या स्थितीतला कॉर्नी केग यात सगळ्यात सुरक्षित भांडं आहे. त्यावर जास्तीत जास्त दाबाचा आकडा कोरलेला असतो, बहुतेकांवर १३० पीएसआय, आणि बिअरला लागणारा दाब त्याच्या एक दशांशाच्या आसपास. धोका सुरू होतो तो जुगाडाने.

काचेच्या बरणीत किंवा साध्या बाटलीत सिलिंडरने गॅस भरायचा नाही. काच ताणली जात नाही, ती थेट फुटते आणि तुकडे उडतात. खोलीत ठेवलेल्या सिलिंडरमधला दाब ८०० पीएसआयच्या पुढे असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय तो कशालाही जोडायचा नाही. केगचं झाकण उघडण्याआधी व्हॉल्व ओढून आतला दाब पूर्ण काढायचा. सिलिंडर उभा आणि बांधून ठेवायचा, पडून त्याचा व्हॉल्व तुटला तर तो बाणासारखा सुटतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गळती. अमेरिकेत केगचा फ्रिज बरेचदा तळघरात असतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो दिसत नाही आणि खाली साचतो. एका पाच पौंडी सिलिंडरमध्ये सव्वादोन किलो गॅस असतो, म्हणजे मोकळा झाला तर हजार लिटरहून जास्त. मोठ्या हवेशीर खोलीत तो विरून जातो. छोट्या बंद खोलीत डोकं दुखणं, धाप लागणं, गुंगी येणं आणि पुढे बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. अशी लक्षणं दिसली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, गळती नंतर शोधायची. सिलिंडर असलेल्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावणं म्हणूनच शहाणपणाचं. घरातला नेहमीचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा गॅस ओळखत नाही, नावातल्या साम्याने फसू नये.

थोडक्यात काय?

आधी बिअरचा प्रकार ठरवायचा, त्यावरून व्हॉल्यूम. मग बिअरचं खरं तापमान मोजायचं, त्यावरून दाब. राहत्या गावाची उंची जास्त असेल तर थोडा दाब वाढवायचा. काटा लावला की दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. आणि फेस दिसला तर काट्याकडे धावण्याआधी फेसाखालची बिअर चाखून बघायची. दोष कुठे आहे ते तीच सांगते.